मे महिन्यातला हीटर

सिल्वासाजवळच्या सामरवरणीला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्याजवळ एक पत्र्याची पेटी, दोन गोण्या आणि एक शेगडी एवढंच सामान होतं. आबा आधी दोन वर्षं एकटे होते. साक्री तालुक्यातून सिल्वासाला येऊन धाग्याच्या कंपनीत बॉबिनच्या ट्रॉल्या ढकलायचे, बारा-बारा तास. मग माय आणि मी आलो. खोली दहा बाय दहाची, वर सिमेंटचा पत्रा. आठ खोल्यांची एक ओळ, आठ खोल्यांत मिळून दोन नळ. माय प्लॅस्टिकच्या डब्या पॅक करायला जायची, ती संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या बोटांना चिकटपट्टीचे तुकडे चिकटलेले असायचे. माझा अभ्यास पत्र्याच्या पेटीवर व्हायचा. उन्हाळ्यात दुपारी पेटीला हात लावला तर चटका बसे, म्हणून मी पुस्तक घेऊन समोरच्या गॅरेजच्या सावलीत जाऊन बसायची.

हे मी कोणाला दया यावी म्हणून लिहीत नाही. कुठून निघालो ते ठाऊक असलं की कुठवर आलो ते मोजता येतं, म्हणून लिहिते. मोजल्याशिवाय बोलायचं नाही हे मला एका माणसाने शिकवलं. खोल्या त्यांच्या होत्या आणि गॅरेजही त्यांचंच. आम्ही भाडेकरू त्यांना मालक म्हणायचो.

मालक डहाणूकडचे. मराठी बोलत, पण त्यात गुजराती अशी मिसळलेली की त्यांचं त्यांनाही कळत नसे. अंगाने वाळलेले, डोक्यावर बारा महिने रुमाल. शर्टाच्या खिशात अगरबत्तीचं रिकामं नळकांडं उभं असायचं आणि त्या नळकांड्यात एक काचेचा थर्मामीटर. वीतभराहून लांब, दीडशे अंशांपर्यंतचा. तो बाहेर काढला की चंदनाचा वास यायचा. गॅरेजच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, 'अंदाजाने बोलू नये'. खोल्यांच्या नळावरही तेच. लोकांना वाटायचं, हा माणूस कुठल्या तरी पंथाचा असावा.

त्यांचा एकच प्रश्न होता. "म्हणजे किती?"

माय सकाळी तणतणत जायची, "मालक, नळाला पाणी येत नाही."

"येत नाही म्हणजे किती येत नाही, बेन?"

"अहो, येत नाही म्हणजे येतच नाही!"

"बादली भरायला किती वेळ लागते?"

माय परत येऊन आबांना म्हणायची, "याच्या डोक्याला पहिले पाणी लावा." पण दुसऱ्या दिवशी ती मोबाइलवर वेळ लावून बादली भरायची आणि जाऊन सांगायची, "अकरा मिनिटं." मग मालक लगेच पाना घेऊन निघायचे. तक्रारीत आकडा असला की ते त्या माणसाचे नोकर होते. आकडा नसला तर कलेक्टर आला तरी हलायचे नाहीत.

चहाच्या टपरीवरून आलेल्या ग्लासात ते थर्मामीटर बुडवायचे. टपरीवाल्याने एकदा सरळ सांगितलं, "मालक, तुम्ही हा दांडा गाडीच्या पाण्यातपण घालता, चहातपण घालता. माझं नाव खराब होईल." मालक म्हणाले, "धुतो ना." "किती वेळा?" टपरीवाल्याने विचारलं. मालकांनी त्याच्याकडे असं कौतुकाने पाहिलं की त्या दिवसापासून त्या माणसाचा चहा त्यांनी मोजायचं बंद केलं.

दहावीच्या वर्षी मला ताप आला. माय म्हणाली, अंग खूप तापलंय. मालक दारातून ओरडले, "खूप म्हणजे किती?" आणि नळकांडं उघडत आत आले.

"रेडिएटरमधला तो दांडा माझ्या पोरीच्या तोंडात घालताय?" माय कडाडली.

"काखेत, बेन, काखेत."

थर्मामीटरने एकोणचाळीस दाखवले. माय म्हणाली, "एकोणचाळीसच? मग बरी आहे. मागच्या खेपेला तर शंभर होता." मालकांनी कपाळावर हात मारला. मला स्कूटरवर बसवून आमलीच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत मात्र मला धरून ठेवलेल्या मायला सेल्सिअसचे अंश आणि फॅरनहाइटचे अंश यांतला फरक समजावत होते, आणि स्कूटर वेडीवाकडी जात होती.

शिक्षण त्यांचं आठवी. मी सिल्वासाच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले तेव्हा त्यांनी माझं नावच सोडून दिलं. "अय कॉलेज!" अशी हाक मारायचे. कॉलेज, इकडे ये. कॉलेज, हे वाच. कॉलेज, तुमच्यात तापमान शिकवतात का नुसतं त्याचं स्पेलिंग?

हा थर्मामीटर कुठून आला ते त्यांनी एकदाच सांगितलं. पूर्वी ते एका कापड कारखान्यात रंगाई खात्यात ऑपरेटर होते. रंगाच्या टाकीचं तापमान दर अर्ध्या तासाला लॉगशीटवर लिहायचं आणि सही करायची. एका पाळीत वाफ कमी पडली, टाकी तापलीच नाही, माल फिका निघाला. सुपरवायझर म्हणाला, एकशे तीस लिही आणि सही कर, म्हणजे दोष रंगावर जाईल. मालकांना एकशे अकरा दिसले होते, तेवढेच लिहिले. आठवड्याभरात त्यांना काढलं.

"नोकरी त्यांनी घेतली," मालक म्हणाले, "थर्मामीटर मी घेतला. हिसाब बराबर."

"म्हणजे तुम्ही चोरला," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "पण मी ते नाकबूल केलेलं नाही. हा फरक लक्षात ठेव, कॉलेज."

गॅरेजात गिऱ्हाइकांशी त्यांचं पटायचं नाही. आमच्याकडे उन्हाळा कडक. त्यामुळे ड्रायव्हर लोकांचा आणि बऱ्याच मेकॅनिकांचाही एक ठाम समज आहे, की इंजिन जितकं गार तितकं चांगलं. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटा पितळी वॉल्व असतो. इंजिन गार असताना तो बंद राहतो, पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंजिन नीट तापलं की उघडतो. कुठे गाडी तापली की रस्त्यावरचा मेकॅनिक पहिलं काम काय करतो, तर तो वॉल्वच काढून फेकतो. 'आपल्याकडे गरमीच इतकी, याची गरजच काय?' आणि गिऱ्हाईक खूश. मालकांकडे कोणी येऊन "वॉल्व काढून टाका" म्हणालं की ते कामच नाकारायचे. "तुझ्या घराचं दार सारखं उघडझाप करते, तर काढून टाकू काय ते?" असं विचारायचे. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "गाडी तापली पाहिजे. न तापणारी गाडी आणि न तापणारा कामगार, दोन्ही शेठ लोकांना फार आवडतात. दोन्ही आतून खराब होतात."

आता आबांकडे येते.

ट्रॉल्या ढकलता ढकलता आबा गाडी शिकले. कंपनीने त्यांना मोठ्या साहेबांच्या गाडीवर घेतलं त्या दिवशी मायने पांढरा शर्ट तांब्यात निखारे घालून इस्त्री केला, कारण इस्त्री आमच्याकडे नव्हती. पांढरी, सात सीटांची डिझेल गाडी. तशीच आणखी एक कंपनीत होती, तिच्यावर दुसरा ड्रायव्हर. दोघांचं काम सारखंच, सामरवरणीहून वापी स्टेशन, वापीहून परत, कधी मुंबई. आबांनी त्या गाडीला आमच्यापेक्षा जास्त जपलं. पहाटे लवकर निघायचं असलं की गाडी घरीच असायची, आणि घरी असली की आठही खोल्यांना कळायचं.

आणि त्याच गाडीवरून कंपनीवाले माझ्या बापाला चोर म्हणाले.

मी दुसऱ्या वर्षाला होते. एप्रिलच्या शेवटी आबा कंपनीचा एक कागद घेऊन घरी आले आणि माझ्या हातात दिला. त्यांना वाचता येतं, पण त्यांना तो माझ्याकडून ऐकायचा होता. कदाचित मी वाचला तर वेगळं काही निघेल असं वाटलं असेल. दोन्ही गाड्या सारख्या, रस्ता सारखा. दुसरी गाडी लिटरला चौदा किलोमीटर चालते, तुमची काही महिन्यांपासून साडेअकरा. सबब तुम्ही डिझेल काढून विकता असं दिसून येते. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा.

तोंडी त्यांना आणखी सांगितलं होतं. माफीनाम्यावर सही केली तर नोकरी जाणार नाही, परत प्लांटमध्ये ट्रॉलीवर घेऊ. नाही केली तर पोलिसात देऊ.

"सही करून टाकतो," आबा म्हणाले. "तुझं अजून एक वर्ष राहिलंय. ट्रॉली काय, ढकलली आहे मी आधी."

"तुम्ही चोरलंय का?"

"पोरी!"

"मग सही कशाची?"

ते भिंतीकडे बघत राहिले. मायने पांढरा शर्ट दोरीवरून काढला, त्याची घडी घातली आणि पेटीत ठेवला, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी तो कागद घेऊन सरळ गॅरेजात गेले. मालक चहा पीत होते. त्यांनी कागद वाचला. आबा माझ्यामागे ओशाळे होऊन उभे. घरमालकाला हे कळू नये असं त्यांना वाटत होतं, कारण चोर भाडेकरू कोण ठेवणार? मालकांनी विचारलं, "गाडीत काही बिघाड?"

"काही नाही. गाडी एकदम ठणठणीत," आबा म्हणाले. आणि एवढ्या अपमानातही त्यांचा आवाज जरा चढला. अभिमानाने बोलायला लागले की ते गावच्या बोलीवर जायचे. "मनी गाडी तापतच नही, मालक. मे असो का काही असो, काटा वर जातच नही. दुसरा ड्रायव्हर जळतो माझ्यावर."

मालकांनी ग्लास खाली ठेवला.

"वर जातच नाही म्हणजे किती?"

"पावाच्या खालीच. मुंबईपर्यंत गेलो तरी."

"आणि वापीच्या ट्रॅफिकमध्ये?"

"तिथे जरासा चढतो. हायवेला लागलो की परत खाली."

मालक उठले, आबांच्या अगदी जवळ आले आणि म्हणाले, "तू ज्याची बढाई मारतोस नी, तोच तुझा रोग आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घरी होती. त्यांनी इंजिन चालू करायच्या आधी बॉनेट उघडायला लावलं आणि माझा हात रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या रबरी नळीवर ठेवला. "हाताने शंका घ्यायची, थर्मामीटरने बोलायचं. आता नुसती शंका घे. वॉल्व शाबूत असेल तर ही नळी बराच वेळ गार राहील आणि मग एकदम तापेल. सांग काय होते."

आबांनी गाडी चालू केली. मी हात ठेवून उभी. नळी एकदम तापली नाही. ती पहिल्यापासूनच हळूहळू, रेंगाळत कोमट होत गेली.

"दारच नाही," मालक म्हणाले. "पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरते. इंजिनला वाटते, मी आत्ताच उठलो. मग ते जास्त डिझेल मागते. रोज, सारखं. डिझेल तुझ्या गाडीनेच प्यायलं." मग आबांकडे वळून, "वॉल्व कोणी काढला?"

आबा खोलीच्या दाराकडे वळले. मग म्हणाले, "दार घरात आहे."

ते खोलीत गेले आणि हत्यारांच्या डब्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. पितळी वॉल्व, पुसून स्वच्छ केलेला. दिवाळीनंतर मोठ्या साहेबांच्या घरच्यांना नाशिकला नेताना जव्हारच्या घाटात नळीची क्लिप सुटून गाडी तापली होती. तिथल्या मेकॅनिकने क्लिप बसवली आणि वर वॉल्वही काढून दिला, 'आता जन्मात तापणार नाही' म्हणून. आबांनी काढू दिला. मागे मॅडम बसलेल्या, पोरं रडत होती, त्यांना लवकर निघायचं होतं. ऑफिसात सांगायचं राहिलं. गाडी पुन्हा कधी तापली नाही, म्हणून आपलं बरोबरच झालं असं वाटलं.

"मग हा ठेवलास कशाला?"

"कंपनीचा पार्ट आहे," आबा म्हणाले. "फेकायचा कसा?"

मी माझ्या बापाकडे पाहिलं. मोडीत चार पैशांना जाईल असला पितळेचा तुकडा या माणसाने कंपनीचा म्हणून सहा महिने फडक्यात जपला होता, आणि त्या कंपनीने त्याला चोर लिहून दिलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. कान तापले.

मालकांनी आमच्याच शेगडीवर, मायच्या दुधाच्या पातेल्यात पाणी ठेवलं. माय ओरडली, मग तीही बघायला वाकली. वॉल्व दोऱ्याने टांगून पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. मालक आकडे म्हणत होते, मी वहीत लिहीत होते. साठ, काही नाही. सत्तर, काही नाही. ब्याऐंशीला वॉल्व हलला आणि नव्वदीच्या आसपास पूर्ण उघडला. चांगला धडधाकट होता. बिघाड क्लिपचा, शिक्षा वॉल्वला.

"पण मग चूक माझीच झाली ना," आबा म्हणाले. "मी काढू दिला."

"हो, चूक तुझी," मालक म्हणाले. "ती कबूल कर. चोरी कबूल करू नको. चूक आणि चोरी एका कागदावर येता कामा नये."

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. मेची सुरुवात होती. अ‍ॅडमिनचे साहेब पुण्याचे, टेबलावर माफीनामा टाइप करून तयार. मालकांना बघून म्हणाले, "हे कोण?"

"घरमालक," मालक म्हणाले.

"घरमालकाचं इथे काय काम?"

"भाडेकरू चोर असेल तर मला आजच्या आज रूम खाली करायची आहे. पुरावा बघायला आलो."

मालक पुढे म्हणाले, "दोन्ही गाड्या सारख्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग दोन्हींचा हीटर लावून बघू."

"हीटर? मे महिन्यात? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"साहेब, सिल्वासात कोणी हीटर लावत नाही. म्हणून तर कोणाला पत्ता लागला नाही. हीटरला गरमी इंजिनच्या पाण्याची मिळते. पाणी गार, तर हीटर गार. चोर पकडायचा आहे नी? मग थोडा घाम काढा."

मला वाटलं, आता हाकलतील. पण ऑफिसातले चार लोक मान वर करून बघत होते, आणि घामाला घाबरतो असं साहेबांना दिसू द्यायचं नव्हतं. ते उठले.

आधी दुसरी गाडी. तिचा ड्रायव्हर चालवायला, शेजारी साहेब, मागे मधल्या सीटवर मालक आणि मी, अगदी मागे आबा. खानवेलच्या रस्त्याला लागून गाडी नीट तापू दिली. मग एसी बंद, काचा बंद, हीटरचं बटण पूर्ण लाल टोकाला, पंखा पूर्ण. मालक पुढे वाकून हीटरच्या जाळीसमोर थर्मामीटर धरून बसले, डोक्यावर रुमाल तसाच. पहिल्या मिनिटाला साहेबांनी टाय सैल केला. दुसऱ्याला ड्रायव्हर "साहब, जान जाएगी" म्हणाला. माझी वही घामाने ओली झाली, आकडे फुटायला लागले. थर्मामीटर पासष्टला पोचला तेव्हा साहेबांनी स्वतः काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून श्वास घेतला.

"लिही कॉलेज," मालक म्हणाले, "पासष्ट. आणि काच कोणी उघडली तेपण लिही."

मग आबांची गाडी. तोच रस्ता, तेवढंच अंतर, आबा स्वतः चालवायला. काचा बंद, हीटर पूर्ण. आम्ही बसलो. बसलो. जाळीतून वारा येत होता तो बाहेरच्या वाऱ्याहून जरा जास्त गरम, एवढंच. साहेब वाट बघत होते. घाम सगळ्यांना होता, पण तो मे महिन्याचा होता. थर्मामीटर शेहेचाळीसवर जाऊन थांबला आणि मोकळ्या रस्त्याला वेग वाढला तसा चव्वेचाळीसवर उतरला.

साहेबांनी जाळीसमोर स्वतःचा हात धरला. मग काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे इंजिन गार चालतंय. पण गार असलेलं चांगलंच ना?"

मालकांनी डोळे मिटून घेतले. "साहेब, तवा तापायच्या आत भाकर टाकली तर गॅस वाचते का?"

साहेबांनी हीटर बंद केला. मग ऑफिसात परत टेबलाशी बसल्यावर त्यांनी विचारलं, "वॉल्व काढला कोणी?"

आबा पुढे झाले. त्यांनी फडकं सोडून तो पितळी तुकडा टेबलावर ठेवला, नेमका माफीनाम्यावर. "घाटात मी काढू दिला, साहेब. सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. ती माझी चूक. डिझेलला मी हात लावलेला नाही."

मालक म्हणाले, "हाच वॉल्व बसवून पंधरा दिवस चालवा. टाकीला कुलूप लावा, चावी तुमच्या खिशात. चौदा आले नाहीत तर मी स्वतः रूम खाली करतो."

वॉल्व त्यांनी त्याच दुपारी बसवला. कूलंट नवीन भरलं आणि गाडी काटा मधोमध येईपर्यंत चालवली. आबा तो काटा बघून घाबरत होते. इतक्या महिन्यांत त्यांनी तो तिथे पाहिलाच नव्हता. "तापतेय हो," ते म्हणायचे. "तापू दे," मालक म्हणायचे.

पंधरा दिवसांनी चौदा आले. थोडे वरच. साहेबांनी आबांना बोलावून सांगितलं, "ठीक आहे, विषय संपला. जा कामाला." आबा आनंदाने घरी आले, मायने पेटीतून शर्ट काढला. मालक मात्र गॅरेजातून ओरडले, "संपला म्हणजे किती?"

आबा म्हणाले, "जाऊ द्या आता, मालक. मोठी माणसं आहेत. तोंडाने बोलले तेवढं पुष्कळ."

"पुष्कळ नाही," हे मी म्हणाले. मालकांच्या आधी म्हणाले. त्याचा मला अजून अभिमान आहे.

मी अर्ज लिहिला. पहिल्यांदाच आयुष्यात कोणाच्या मदतीशिवाय. वडिलांवर लेखी आरोप झाला, तो खोटा ठरला, तरी तो लेखी मागे घ्यावा आणि मूळ पत्र फाइलमधून काढावं. तो घेऊन मी आणि आबा गेलो. साहेब वाचून हसले. "अहो, मी तोंडी सांगितलं ना यांना."

"तोंडी चोर म्हणाला असतात तर तोंडी चाललं असतं," मी म्हणाले. "तुम्ही कागदावर म्हणालात."

आबांनी माझा दंड धरला. पण ते 'चल' म्हणाले नाहीत. तिथेच उभे राहिले, माझ्या शेजारी, पांढऱ्या शर्टात.

"कॉलेजात हेच शिकवतात का?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "आणि घरमालकही शिकवतात."

पत्र मिळायला अकरा दिवस लागले. मी रोज दुपारी ऑफिसात जाऊन बाकावर बसायची. बाराव्या दिवशी बसायची वेळ आली नाही.

मालकांना पत्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, "अक्षर छोटं आहे. चोर लिहिलं तेव्हा मोठं होतं." एवढंच. शाबासकी नाही, पेढा नाही. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी धावत गेले, "मालक, पास झाले!" तर गाडीखालून आवाज आला, "म्हणजे किती?"

पुढे ती जागा विकली गेली. खोल्या आणि गॅरेज पाडून तिथे आता चार मजल्यांची इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. मालक डहाणूला मुलीकडे गेले. जाताना त्यांनी आम्हाला दोन महिने आधी सांगितलं आणि टोकरखाड्याला बरी खोली स्वतः शोधून दिली. तिथल्या नळाची बादली किती वेळात भरते ते बघूनच. थर्मामीटर त्यांनी मला दिला नाही. मागितला असता तरी दिला नसता. तो त्यांच्या नोकरीच्या बदल्यात आला होता, वाटायला आला नव्हता.

काही लोक मला म्हणतात, तो माणूस विक्षिप्त होता. असेल. त्या वेळी शहाण्या माणसांनी आबांना काय सल्ला दिला होता ते मला आठवतं. सही कर आणि मोकळा हो, असं सगळे म्हणत होते. त्या सगळ्यांपेक्षा मला मे महिन्यात हीटर लावून बसणारा एक माणूस पुरला.

आबा त्याच कंपनीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या फाइलमध्ये चोरीचा कागद नाही, तो मागे घेतल्याचा कागद आहे, आणि त्याची झेरॉक्स आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. आज सिल्वासातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. तापमानाच्या लॉगशीटवर माझी सही असते. आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती मी आजवर एकदाही केलेली नाही.